रोज एसटीनं जाऊन-येऊन कॉलेज करायचंय, ११ इंची स्वस्त छोटा लॅपटॉप घेऊ का?
तासगाववरनं सांगलीला रोज येणार म्हणतोयस तर वजनाचा मुद्दा एकदम बरोबर आहे, सव्वा किलोच्या आसपासचं मशीन सॅकमध्ये आहे हे कळत पण नाही आणि एसटीत उभं राहून यायचं असलं की ते लय महत्त्वाचं. माझ्याकडं तसलाच होता, सेलेरॉन (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर), ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डलाच बसवलेलं स्वस्तातलं स्टोरेज). फॅनच नाही त्यामुळं आवाज शून्य, चार्जिंग पण बरं टिकायचं. नोट्स, पीडीएफ, यूट्यूब एवढ्याला मस्त.

पण खरी गोची स्टोरेजची. विंडोज ११ ला कमीत कमी ६४ जीबीच लागते, म्हणजे मोठं अपडेट आलं की जागा नाही म्हणून बोंब, मग बसा फायली उडवत. एसडी कार्डात फोटो-पिक्चर जातात पण विंडोज काय तिकडं हलत नाही. रॅम बहुतेक मॉडेलात बोर्डलाच सोल्डर केलेली, नंतर वाढवू म्हणशील तर रिपेरीवाला हात जोडतो. (कीबोर्डवर माझी जाड बोटं मावायची नाहीत ते वेगळंच.)

ऑटोकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर), कोडिंग असलं काय करणार असशील तर नादच सोड, त्यापेक्षा ८ जीबी रॅम आणि एसएसडीवाला (फास्ट स्टोरेजवाला) सेकंडहँड ऑफिस लॅपटॉप बघ, फक्त बॅटरी चेक करून घे.