जालन्यात चालत नाही ते किसुमूतही नाही

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

केनियाला निघालेल्या मंडळीच्या (चर्चच्या) टीममध्ये नर्सिंगची तू एकटीच, म्हणून आरोग्य शिबिरात इंजेक्शनं आणि गोळ्यांचं टेबल तुझ्या गळ्यात. ‘मी अजून शिकतेय’ म्हटलंस तर विश्वास कमी पडतो का, असं तू विचारलंस. विश्वासाचा इथे संबंधच नाही. जीएनएमच्या (नर्सिंग पदविकेच्या) तिसऱ्या वर्षाची मुलगी वॉर्डात सिस्टर शेजारी असल्याशिवाय सुई हातात घेत नाही. जालन्यात जे करायची तुला मुभा नाही, ते केनियातल्या किसुमूत करायचं नाही.

उलटं धरून बघ. भोकरदनकडच्या खेड्यात परदेशातली शिकाऊ पोरगी येऊन म्हाताऱ्यांना इंजेक्शनं देऊ लागली, तर तूच आधी तिचा परवाना मागशील. केनियातही नर्सिंग कौन्सिल आहे, बाहेरच्या नर्सलाही तिची परवानगी लागते. औषधांसाठी फार्मसी अँड पॉयझन्स बोर्ड आहे. बॅगेत कोंबून नेलेली सँपलची पाकिटं कस्टममध्ये अडकली, तर ‘देवाच्या कामाची आहेत’ म्हणून कोणी सोडत नाही. दानाच्या औषधांची मुदत पोहोचताना किमान एक वर्ष शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ती टीम लीडरला दाखव.

परवाना मिळाला तरी बीपीच्या गोळ्यांचा घोळ राहतोच. आजोबा दवाखान्यातून अ‍ॅम्लोडिपीन ५ घेत असतात. शिबिरात तेच औषध दुसऱ्या नावाच्या पट्टीत मिळतं, आजोबा दोन्ही घेतात. पाय सुजतात, उठताना गरगरतं. कुणी दवाखान्याचीच गोळी सोडतं आणि शिबिराची पट्टी संपली की बीपी पुन्हा वर. तोवर तुम्ही मुंबईला उतरलेले.

मग करायचं काय? बीपी नीट मोज. माणसाला पाच मिनिटं पाठ टेकून बसव, पाय जमिनीवर, बाही वर, कफ हृदयाच्या पातळीला, बोलणं बंद. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोज आणि दोन्ही आकडे तारखेसह दोन कागदांवर लिही: एक रुग्णाला, एक तिथल्या क्लिनिकल ऑफिसरला, म्हणजे रुग्ण तपासून औषध लिहून देणाऱ्याला. गोळी त्याने लिहायची, कारण पुढच्या महिन्यातही तो तिथेच असणार. ओआरएसचं पाकीट किती पाण्यात, ते तिथल्या भांड्याने मोजून दाखव. हे काम कमी वाटत असेल तर जाऊच नकोस.

मला हेकट म्हणतात. म्हणू देत. शिबिराच्या फोटोत गोळ्यांचं टेबल शोभून दिसतं, हे मलाही कळतं. मंडळीची वर्गणी त्या फोटोवर येते, हेही कळतं. तरी माझं म्हणणं तेच: इथे नाही, तर तिथेही नाही.

आता तुझं स्वतःचं. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच. पिवळं कार्ड (या लसीचा दाखला) नसेल तर परतल्यावर सहा दिवस विलगीकरण. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर लस घेण्याआधी सांग. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, तिथे मलेरिया भरपूर. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिली तर पोटभर पाण्याबरोबर घे, नंतर अर्धा तास आडवी होऊ नकोस, आणि घरी आल्यावरही चार आठवडे चालू ठेव. घर आलं की लोक इथेच गोळी बंद करतात. यकृतातले जंतू नंतर रक्तात उतरतात तेव्हा औषध नसतं. परतल्यावर ताप आला तर पहिलं वाक्य ‘केनियाहून आलेय’ आणि त्याच दिवशी मलेरियासाठी रक्ततपासणी.

प्लास्टिकच्या कॅरीबॅग नेऊ नकोस, तिथे २०१७ पासून बंदी आहे. ईटीए (ऑनलाइन प्रवेश-परवाना) पर्यटनाचा काढायचा की धार्मिक कामाला वेगळा पास लागेल, हे यजमान मंडळीकडून लेखी मागव. लीडरच्या तोंडी आश्वासनावर निघू नकोस.

औषधांची यादी मुदतीच्या तारखांसह या आठवड्यात मला पाठव. जे तिथला दवाखाना मागत नाही, ते आपण मिळून खोडू.

तुझी,
सिस्टर