पिवळं पान वरचं आहे की खालचं, ते आधी सांगा

जर्मनी आणि कॅनडातल्या वाचकांनी घरात लावलेल्या गांजाच्या झाडांबद्दल बरंच विचारलंय, म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकत्र देतेय. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला स्वतःपुरती तीन झाडं घरी लावता येतात. कॅनडात २०१८ पासून एका घरात चार, म्हणजे माणशी चार नाही, अख्ख्या घरात मिळून चार, आणि क्युबेकमध्ये घरी लावायला परवानगीच नाही. दोन्हीकडे झाड लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवायचं, हे माझ्याकडून आग्रहाने. आणि फोटो पाठवताना ग्रो लाइट बंद करून साध्या उजेडात काढा प्लीज, जांभळ्या लाइटमध्ये पिवळं काय नि हिरवं काय काहीच कळत नाही.

प्रश्न (बर्लिन): ताई, झाड दीड फूट झालंय, शेंड्याची नवी पानं पिवळी येतायत पण शिरा हिरव्याच आहेत. दुकानात कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटली दिली, ती घातली, मग खताचा डोसही वाढवला, तरी पिवळेपणा वाढतोच आहे. पाणी नळाचंच देतो. अजून काय घालू?

उत्तर: अजून काही घालू नका, आधी थांबा. तुम्ही "नवी पानं" लिहिलंत ते फार बरं झालं, कारण निम्मं निदान तिथेच होतं. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाला एका पानातून दुसऱ्या पानात हलवता येतात, त्यामुळे ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्याला देतं आणि पिवळं पडतं ते खालचं पान. लोह आणि कॅल्शियम असे हलत नाहीत, एकदा पानात गेले की तिथेच, म्हणून त्यांची कमतरता शेंड्याला दिसते. शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह. मॅग्नेशियम कमी असतं तरी शिरा हिरव्याच राहिल्या असत्या पण सुरुवात खालून झाली असती, तेव्हा ती बाटली तुमच्या झाडासाठी नव्हतीच.

आता लोह कमी का पडलं, तर मातीत ते बहुतेक आहे पण झाडाला घेता येत नाहीये. बर्लिनचं नळाचं पाणी चांगलंच जड आहे, तुमच्या किटलीच्या तळाला पांढरा थर बसत असेलच बघा, तोच चुना रोज थोडा थोडा कुंडीत जातोय आणि मातीचा पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचा आकडा, वर चढतोय. पीएच सातच्या पुढे गेला की लोह मातीत असून नसल्यासारखं. आपल्याकडे चुनखडीच्या रानात ऊस पिवळा पडतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. वरून खत वाढवलंत त्याने क्षार अजून साठले असणार.

म्हणून आधी पीएच मोजा, मीटर नसेल तर थेंबांचं टेस्ट किट स्वस्तात मिळतं. नळाचं पाणी मोजा आणि कुंडीखालून निथळतं तेही मोजा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. मातीसाठी ६ ते ६.८ चालतं, कोकोपीट असेल तर साधारण ५.५ ते ६.२. यापुढे पाणी "पीएच डाऊन" घालून सव्वासहापर्यंत आणून द्यायचं किंवा निम्मं पावसाचं नाहीतर फिल्टरचं पाणी मिसळायचं. लिंबू पिळून चालेल का असं बरेच जण विचारतात, एखाद्या वेळेला चालतं पण मातीतले जीवाणू ते आम्ल खाऊन टाकतात आणि पीएच परत वर, त्यामुळे कायमचा उपाय नाही. मातीच्या वर पांढरी पापडी दिसत असेल तर कुंडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी (पीएच ठीक केलेलं) हळूहळू ओतून क्षार धुवून काढा, मात्र माती आधीच चिखल असेल तर हे करू नका, मुळं गुदमरतील. लोह द्यायचंच असेल तर चिलेटेड (मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं) घ्या आणि बाटलीवरचं नाव वाचा, ईडीटीए प्रकारचं साडेसहाच्या वर फारसं टिकत नाही, डीटीपीए जरा जास्त टिकतं, माती खूपच चुनखडीची असेल तर ईडीडीएचए. पिवळं झालेलं प्रत्येक पान परत हिरवं होईलच असं नाही, त्याच्याकडे बघत बसू नका, नवा फुटवा कसा येतोय ते बघा.

प्रश्न (मिसिसागा, ओंटारिओ): हिवाळा सुरू झाल्यापासून पानांवर बारीक पांढरे ठिपके आलेत, फांदीच्या बेचक्यात जाळं पण दिसतंय. झाडाला कळ्या धरायला लागल्यात. नीमचं तेल मारू का?

उत्तर: हा लाल कोळी आहे. पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटका, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालताना दिसतील. हीटिंग लावलं की घरातली हवा कोरडी आणि गरम होते आणि कोळ्याला तेच हवं असतं, पंचवीस-तीस डिग्रीला अंड्यापासून मोठा कोळी व्हायला आठवडा-दोन आठवडे पुरतात, म्हणून काल चार ठिपके आणि आज अख्खं झाड असं वाटतं.

कळ्या धरल्यात तर नीम तेल नको, साबणाचं पाणी नको, काहीच फवारायचं नाही, कारण ते धुतलं जात नाही आणि पुढे छातीत जातं. ज्यांच्या कळ्या अजून आल्या नाहीत त्यांनी पानांच्या खालच्या बाजूने साध्या पाण्याचा जोरात फवारा द्या, तीन-चार दिवसांनी पुन्हा, परत पुन्हा, कारण अंडी एका फेरीत जात नाहीत. तुम्ही जास्त पोखरलेली पानं काढून पिशवीत बंद करून फेकून द्या आणि मित्रकिडी मागवा. फायटोसियुलस नावाचा कोळी हा लाल कोळीच खातो, पण त्याला दमट हवा लागते, खोली अगदी कोरडी असेल तर कॅलिफोर्निकस जास्त टिकतो.

आणि एक अगदी मनापासून सांगते, खिडकीतली तुळस, मिरची सगळं तपासा. थंडीत आपण बाहेरच्या कुंड्या आत आणतो आणि कीड बऱ्याचदा त्यांच्याबरोबरच आत येते. एकच झाड साफ करून बाकीची तशीच ठेवलीत तर महिन्याभरात परत तेच.

प्रश्न (टोरांटो): पानं लोंबतात म्हणून रोज पाणी घालते तरी लोंबतातच, आणि मातीतून चिलटं उडतात.

उत्तर: पाणी जास्त होतंय. पाण्याशिवाय लोंबलेलं पान पातळ, मऊ लागतं आणि जास्त पाण्याने लोंबलेलं जड, फुगीर. बोटावर जाऊ नका, कुंडी उचलून बघा, हलकी लागेपर्यंत पाणी बंद. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी राहिली की चिलटांची पिल्लं जगत नाहीत, मोठ्या चिलटांना पिवळे चिकट सापळे, आणि तरी उरली तर बीटीआय नावाचं जीवाणूचं औषध पाण्यातून. मुळं एकदा बघून घ्या, पांढरी असली तर झाड वाचेल, तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी असली तर मूळकूज आहे.

प्रश्न (म्युनिक): पानं काळपट हिरवी, टोकं खाली वळलेली.

उत्तर: नत्र जास्त झालंय. खत बंद, नुसतं पाणी.

प्रश्न (पुणे): घरात झाड वाढवायचा टेंट आणि एलईडी लाइट घेतलंय, एकच झाड औषधापुरतं लावलं तर चालेल ना?

उत्तर: नाही. भारतात एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा १९८५, कलम २०, विनापरवाना गांजाची लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, एक झाड म्हणून सूट नाही. दुखणं असेल तर डॉक्टरांशी बोला. टेंट आणलाच आहे तर मिरची, टोमॅटो लावा, वर लिहिलेलं पीएच, कोळी, चिलटं सगळं त्यांनाही तसंच लागू आहे.

प्रश्न (हॅम्बुर्ग): काढणी दोन आठवड्यांवर आलीय आणि सगळ्यात मोठ्या कळीतली छोटी पानं अचानक वाळली. ओढलं तर सहज हातात आली, आत राखाडी भुगा. तेवढाच भाग कापून बाकीची कळी वापरू का?

उत्तर: नका वापरू. ही राखाडी बुरशी, बॉट्रायटिस, द्राक्षाच्या घडात शिरते तीच. ती दाट कळीच्या आत सुरू होते, बाहेर दिसेपर्यंत आत बरीच पसरलेली असते. इतक्या दिवसांची मेहनत टाकवत नाही हे मला कळतं, पण बुरशीचा माल छातीत घेणं कुणासाठीच बरं नाही आणि दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला तर गंभीर आजार होऊ शकतो. वाळवून, भाजून, तुपात घालून तो सुरक्षित होत नाही.

आधी पंखा बंद करा म्हणजे बीजाणू उडणार नाहीत, मग कळीवर पिशवी चढवून खालून बोटभर निरोगी देठासकट कापा आणि तशीच बांधून फेका. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. रात्री लाइट बंद झाला की टेंट गार पडतो आणि आर्द्रता चढते, आकडा बघायचा तो तेव्हाचा, दिवसाचा नाही. पन्नास टक्क्यांच्या खाली ठेवा, त्यासाठी एक्झॉस्ट रात्रीही चालू राहू द्या आणि संध्याकाळी पाणी घालू नका. उरलेल्या कळ्या रोज बोटाने हलक्या उघडून बघा, दुसऱ्या फांदीवरही दिसलं तर दोन आठवडे थांबू नका, चांगला भाग लगेच काढून घ्या.