न घेतलेल्या औषधालाही जंतू दाद देत नाही, ते का?

प्रश्न : लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‘आर’ (म्हणजे जंतू दाद देत नाही), टेट्रासायक्लिनपुढेही ‘आर’. सिप्रो पूर्वी घेतलंय, टेट्रासायक्लिन कधीच नाही. मग जंतू त्याला कसा सरावला? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : सरावायला ते औषध तुम्ही घेतलेलं असावंच असं नाही. ई. कोलायच्या दुहेरी आवरणात औषध बाहेर उपसणारे पंप असतात. मुख्य पंप तीन भागांचा : आतल्या पडद्यात अ‍ॅक्रबी, मधला जोड अ‍ॅक्रए, बाहेरचा पडदा भेदून जाणारी टोल-सी नळी. खाजनातली (खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतातली) मानस, म्हणजे पाण्याचं झडपेचं दार, पाहिली असेल तर चित्र जमेल. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. मानशीचं दार मात्र ओहोटीला आपसूक उघडतं. इथे बाहेर साठलेले प्रोटॉन आत घुसतात, त्या जोरावर औषध फेकलं जातं.

अ‍ॅक्रबीचा खिसा ऐसपैस, निवड फारशी नाही. आतड्यातलं पित्त उपसणं हे त्याचं रोजचं काम. सिप्रो, टेट्रासायक्लिन, क्लोरॅमफेनिकॉल त्याच वाटेने जातात. सिप्रोच्या माऱ्यात जास्त पंपवाले जंतू तगले की टेट्रासायक्लिनचाही जोर कमी होतो. तरी ठळक ‘आर’मागे बहुधा टेट-ए हा निराळा पंप असतो. तो प्लाझमिडवरून (जंतूंत इकडून तिकडे जाणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यावरून) दुसऱ्या जंतूकडून आयता मिळतो आणि टेट्रासायक्लिन गटच फेकतो. यातलं नेमकं कोणतं, हे नेहमीच्या रिपोर्टात कळत नाही.

खरी मेख आकड्यांत आहे. साध्या ई. कोलायला थोपवायला मिलिलिटरमागे सुमारे 0.015 मायक्रोग्रॅम सिप्रो पुरतं. पंप वाढले की चार-आठ पट लागतं, म्हणजे 0.06 ते 0.12. अमेरिकी निकषात 0.25 पर्यंत ‘एस’ (औषध लागू पडतं), म्हणून रिपोर्ट निर्धास्त दिसतो. पण एवढ्या आडोशाने तगलेल्या जंतूंत जायरेझ या, सिप्रो ज्यावर घाव घालतं त्या, एन्झाइमच्या जनुकात बदल व्हायला सवड मिळते. त्या एका बदलाने आकडा 0.25 च्या आसपास जातो. त्यावर पंपाची चौपट, की 1. तिथून ‘आर’.

पंप बंद पाडणारी रसायनं प्रयोगशाळेत आहेत, पण रुग्णाला देण्यासारखं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. तुमच्या हाती आहे ती रक्तातली मात्रा. पुढे कधी सिप्रो लिहून मिळालं, तर अ‍ॅसिडिटीच्या मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमवाल्या गोळ्या, लोह किंवा कॅल्शियम सोबत घेऊ नका. सिप्रो त्यांना चिकटतं आणि पोटातून नीट शोषलं जात नाही. ते या गोळ्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर घ्यावं.