सीपी असलेलं मूल हातातली वस्तू मुद्दाम सोडत नाही का?

तुमचा प्रश्न असा आहे : भाच्याला सीपी (सेरेब्रल पाल्सी) आहे. हसला की त्याचा हात आपोआप वर जातो, झोपेत मूठ सैल असते, पण "खेळणं सोड" म्हटलं की सोडत नाही. मग त्याचा स्नायूंवर ताबा आहे की नाही, आणि तो हे मुद्दाम करतो का?

मुद्दाम नाही करत हो. मलाही सीपी आहे, उजव्या बाजूची, आणि या "सोड" वरून लहानपणी मी भरपूर बोलणी खाल्ली आहेत.

एसटीतली गोष्ट सांगतो. डाव्या हाताने दांडा धरलेला, उजव्या मुठीत पाचाचं नाणं. कंडक्टर तळहात पुढे करून उभा. मी मनातून नाणं कधीच दिलेलं असतं, मूठ मात्र बंद. "द्या की लवकर" म्हटलं की ती आणखी घट्ट होते. मग मी मनगट खाली वाकवतो आणि बोटं जरा सैल होऊन नाणं पडतं. यात जादू काही नाही. बोटं मिटणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून पुढे जातात, मनगट वाकलं की त्यांना ढील मिळते.

आता कारण. सीपीत मूळ इजा स्नायूला नसते. ती वाढत्या मेंदूला होते, जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी लहानपणी. मेंदूकडून मणक्यात जाणारे संदेश दोन कामं करतात : स्नायूला "चल" म्हणणं आणि मणक्यातल्या ताणाच्या प्रतिक्षिप्त क्रियेला (स्नायू ताणला गेला की तो आपोआप आवळतो, तिला) आवर घालणं. माझ्यासारख्या स्पास्टिक, म्हणजे स्नायू ताठर होणाऱ्या प्रकारात (सर्वांत जास्त लोक याच प्रकारातले) "चल" हा निरोप अर्धामुर्धा पोचतो आणि आवर सुटतो. बोटं उघडायला जावं तर मिटणारे स्नायूही सोबत आवळतात. म्हणून धरणं जमतं, सोडणं जमत नाही. घाई, थंडी, भीती, कुणी टक लावून बघणं, सगळ्याने ताठरपणा वाढतो. झोपेत तो उतरतो. "जोर लाव" हा सल्ला म्हणूनच उलटा पडतो.

हसताना हात वर जाणं यातलंच. मला जांभई आली की उजवं कोपर आपसूक दुमडतं. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावतो तेव्हा उजवी बोटंही हवेत बटणं लावत असतात. बायकोला अजून हसू येतं.

अथेटॉइड प्रकार वेगळा. तिथे मेंदूच्या आत खोलवर असलेल्या भागांना (बेसल गँग्लिया) इजा असते, हात नको असताना वळवळतो, आणि काही करायला गेलं की जास्तच. भाच्याचा प्रकार कोणता हे त्याच्या डॉक्टरांना विचारा, कारण व्यायाम त्यावर ठरतो.

थोडक्यात, ताबा असतो, पण पूर्ण नाही आणि रोज सारखा नाही. सकाळी जमलेलं संध्याकाळी जमत नाही. लोकांना नेमका यातच खोटेपणा दिसतो. "काल तर केलंस!" हे वाक्य मी शाळेत इतक्यांदा ऐकलंय की अजून राग येतो.

सरावाने फरक पडतो. बोटॉक्सच्या इंजेक्शनने स्नायू साधारण तीन महिने सैल राहतो, मात्र त्या काळात व्यायाम केला तरच उपयोग, सैल हात आपोआप शहाणा होत नाही.

घरी एक करून बघा. त्याच्यापुढे तळहात धरून वाट बघत उभे राहू नका. माझी आजी शेंगा सोलताना परात माझ्या पुढ्यात सरकवायची आणि शेजारणीशी गप्पा मारत बसायची. माझ्याकडे बघायचीही नाही. शेंगा परातीत पडायच्या.