तुमचे प्रश्न: ७६ व्या वर्षी शॉकचं मशीन बसवायचं का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही सोलापूरचे, पूर्व भागात राहतो. बाबा ७६ वर्षांचे, आख्खी हयात यंत्रमागावर गेली. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला, आता इकोत पंपिंग २८ टक्के आलंय, शुगर जुनी आणि क्रिएटिनिन २.९. इथले डॉक्टर म्हणतात शॉक देणारं मशीन बसवून घ्या, भाऊ म्हणतो या वयात कशाला. बसवलं तर किती वर्षं मिळतील?

उत्तर: किती वर्षं ते कुणीच छातीठोक सांगणार नाही, पण भावाचं कारण मला पटत नाही, कारण अडचण वयाची कमी आणि किडनीची जास्त आहे, क्रिएटिनिन २.९ म्हणजे किडनी बरीच कमजोर.

हे मशीन म्हणजे आयसीडी, छातीत वरच्या बाजूला कातडीखाली बसवतात, वायर हृदयात जाते आणि ठोके बेफाम झाले की ते शॉक देऊन ताळ्यावर आणतं. बस, काम एवढंच. पंपिंग वाढत नाही, दम कमी होत नाही. अचानक येणारं मरण टळतं, पण किडनी, इन्फेक्शन, थकत चाललेलं हृदय यांचं काय, तिथं मशीनचा काही उपयोग नाही.

२००२ साली मॅडिट-२ नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात बाबांसारखेच अटॅक येऊन गेलेले, पंपिंग ३० किंवा त्याखालचे १२३२ पेशंट होते. सरासरी २० महिन्यांत मशीन नसलेल्यांत शंभरातले साधारण २० गेले, मशीनवाल्यांत १४. पुढं त्यातले ७५ च्या वरचे वेगळे काढून बघितले तर फायद्याचा कल त्यांच्यातही होता, पण जीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ३५ च्या खाली, म्हणजे किडनी बरीच कमजोर असलेल्यांत फायदा दिसलाच नाही. २.९ क्रिएटिनिनवर बाबांचा जीएफआर ३५ च्या बराच खाली येतो, म्हणून म्हणतेय की आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा हे सुधारण्यातलं आहे का. शुगर आणि किडनी दोन्ही असली की मशीनच्या जागी इन्फेक्शनची भीतीही वाढते.

अजून एक, हार्टच्या गोळ्या पुरेशा डोसमध्ये तीन महिने झाल्यात का आणि त्यानंतर इको परत केलाय का? कधी कधी पंपिंग ३५ च्या वर जातं आणि विषयच मिटतो. (शेंगाचटणी, पापड, लोणचं आवरा हो, मीठ तिथंच जातं. सोलापूरकरांना हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, माहितीय मला.)

आणि बाबा चालतात कसे ते तुम्ही लिहिलंच नाही. सिद्धेश्वर तलावापर्यंत निवांत जाऊन येतात की बाथरूमला जाताना पण धरावं लागतं? निदान वर्षभर तरी बऱ्यापैकी जगतील असं वाटत असेल तरच मशीन सुचवायचं असा नियम आहे, आणि त्याचा अंदाज रिपोर्टपेक्षा चालण्यावरून जास्त येतो.

शेवटी बाबांनाच विचारा, तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठंच नाही. शॉक बसला की छातीत लाथ बसल्यासारखं होतं हे त्यांना आधी माहीत पाहिजे. आणि पुढं तब्येत फारच खालावली तर शॉक बाहेरूनच, ऑपरेशन न करता बंद करता येतो, तेही आत्ताच विचारून ठेवा.