मॉनिटर झोपला की गेला?

प्रश्न (अमळनेर): बटण दाबलं की सीपीयूचा पंखा फिरतो, पण मॉनिटरवर क्षणभर ‘पॉवर सेव्हिंग मोड’ असं येऊन स्क्रीन काळी होते. दिवा नारिंगी. दुकानदार म्हणतो, मॉनिटर गेला, नवा घ्या. घेऊ का?

उत्तर: थांबा भो. गेलेला मॉनिटर अक्षरं दाखवत नाही. सीपीयूकडून चित्रच येत नाही म्हणून तो झोपतोय, एवढाच त्या ओळीचा अर्थ. थोडं थांबून कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा बारका दिवा लागतो-विझतो का? तर कॉम्प्युटर जागा आहे, दोष बहुतेक केबलचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र पाठवणारं कार्ड) असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डालाच लावा, मदरबोर्डाला, म्हणजे सीपीयूतल्या मुख्य बोर्डाला, नाही. (ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तासभर मॉनिटरला शिव्या दिल्या आहेत.) कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म असेल तर आधी रॅम, म्हणजे सीपीयूतली मेमरीची पट्टी, बघा. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, रॅमची पट्टी काढून सोनेरी कडेवर खोडरबर हलकेच फिरवा, कचरा झटका आणि ‘खट्‌’ आवाज येईपर्यंत परत बसवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि कूलर थेट सीपीयूवर सोडला जातो. ती ओली हवा, वर धूळ. पट्टीच्या कडा खराब होणारच. कूलरची दिशा बदला.

प्रश्न (रावेर): केळीची गाडी भरताना वजनं लिहायला वळतो, तेवढ्यात स्क्रीन बंद. वैताग येतो.

उत्तर: सेटिंग्ज, सिस्टीम, पॉवर. तिथे स्क्रीन आणि स्लीप (म्हणजे अख्खा कॉम्प्युटर झोपणं) यांच्या वेळा वेगळ्या असतात. स्क्रीनला अर्धा तास द्या. दुसरा कॉम्प्युटर याच मशीनवरचा प्रिंटर वापरत असेल तर स्लीप ‘नेव्हर’ ठेवा, नाहीतर बिलं अडकतील. तरीही बंद पडला तर मॉनिटरच्याच बटणांनी मेनू उघडा. काहींत स्वतःचा टायमर असतो.

प्रश्न (शहादा): आमचा उलट, स्क्रीन रात्रभर चालू!

उत्तर: ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू राहिलाय का बघा. नसेल तर माऊस काढून ठेवून एक रात्र पाहा. काचेच्या टेबलावर ऑप्टिकल माऊसचा बाण आपोआप थरथरतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं कुणीतरी बसलंय. खाली जाड पुठ्ठा ठेवला तरी भागतं.

प्रश्न (धुळे): स्क्रीनसेव्हरने वीज वाचते का?

उत्तर: नाही. तो जुन्या डबा मॉनिटरच्या काचेवर डाग पडू नये म्हणून होता. स्क्रीन बंदच होऊ द्या.