माडाचं चुडतं (झावळी) हललं तर अलर्ट, पाववाला पोदेर आला तर काहीच नाही: कॅमेऱ्याच्या सेन्सिटिव्हिटीला हात लावायच्या आधी हे बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गोव्यात फोंड्याच्या घरी आई एकटी असते, तुम्ही पुण्यात, बाल्कांवच्या (पुढच्या ओसरीच्या) खांबावर गेटकडे तोंड करून वायरवाला कॅमेरा लावलाय, रात्रभर 'माणूस दिसला' म्हणून तीस-चाळीस अलर्ट येतात आणि उघडून बघितलं तर माडाचं चुडतं नाहीतर किडे, आणि पहाटे पोदेर सायकल घेऊन गेटातून आत येतो, पावाची पिशवी अडकवून जातो, त्याचा मात्र एकही अलर्ट नाही. आईने कंटाळून फोन सायलेंट केलाय हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण खरी गरज पडेल त्या रात्रीही तो फोन सायलेंटच असणार. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात, पण माझं लक्ष तिथेच अडकलं. पहाटे ३:३० नंतर सगळं शांत होतं म्हणालात. वारा रोज बरोबर त्याच वेळी पडणार नाही, म्हणजे हे शेड्यूलचं, अलर्ट किती ते किती वाजेपर्यंत द्यायचे त्या सेटिंगचं काम आहे. लाइव्ह उघडा आणि चित्राच्या कोपऱ्यात जी वेळ दिसते ती फोनच्या वेळेशी लावून बघा. बरेच कॅमेरे चीनच्या वेळेवर सेट होऊन येतात, म्हणजे जीएमटी +८, आपली +५:३०, कॅमेरा अडीच तास पुढे. तुम्ही रात्री १० ते सकाळी ६ शेड्यूल टाकलंत, ते प्रत्यक्षात संध्याकाळी ७:३० ला चालू होतंय आणि पहाटे ३:३० ला बंद. पोदेर येतो पावणेसहाला, तेव्हा कॅमेऱ्याच्या हिशेबाने सव्वाआठ वाजलेत आणि त्याची ड्युटी कधीच संपलीय. टाइम झोन भारताचा करा, इंटरनेटवरून आपोआप वेळ घ्यायचा ऑप्शन चालू ठेवा, डेलाइट सेव्हिंग असेल तर बंद करा. आणि लाइट जाऊन आली की एकदा परत बघा, काही कॅमेरे रीस्टार्ट झाल्यावर जुन्याच वेळेवर जातात.

याने पोदेराचं अर्धं काम होईल. उरलेलं अर्धं चित्राचं आहे, आणि तिथेच बहुतेक लोक चुकतात, अलर्ट जास्त आले की सेन्सिटिव्हिटी खाली, हुकले की वर, असं महिनाभर चालतं आणि हाती काहीच लागत नाही. कॅमेरा आधी चित्रात काय बदललं ते बघतो, मग त्या बदललेल्या भागाचा आकार माणसासारखा आहे का ते ठरवतो. चित्रच खराब असेल तर चुडतं माणूस ठरणार आणि माणूस अंधारात विरून जाणार, दोन्ही तक्रारी एकाच दुखण्याच्या.

आमच्या मांद्रेच्या घरी असंच होतं. एका रात्री मी क्लिप थांबवून थांबवून बघितली तेव्हा लक्षात आलं की चित्राच्या डाव्या कडेला बाल्कांवचा पांढरा खांब दिव्यासारखा पेटलाय, लेन्सपासून जेमतेम वीतभर लांब. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड (अंधारात बघायला तो सोडतो तो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा) त्या चुन्यावर आपटून परत येत होता, त्यामुळे कॅमेरा समजायचा की उजेड भरपूर आहे, आणि सगळं चित्र काळं करायचा, गेटाकडे तर नुसता कोळसा. कॅमेरा हातभर पुढे सरकवून खांब चित्रातून काढला, बाकी काहीही बदललं नाही, आणि त्याच रात्री गेटाचे गज मोजता यायला लागले. तुमचाही कॅमेरा खांबावरच आहे, तेव्हा खांबाची कड, वळचणीचं लाकूड, तुळशीवृंदावन, जवळचं पांढरं काही चित्रात येतंय का ते रात्रीच्या क्लिपमध्ये बघा, दिवसा कळणार नाही.

किड्यांचंही तेच. लेन्सच्या अगदी जवळून गेलेला किडा इन्फ्रारेडमध्ये मोठा पांढरा पट्टा होऊन दिसतो, कोळ्याचं जाळं असेल तर विचारूच नका. शक्य असेल तर कॅमेऱ्याचा स्वतःचा इन्फ्रारेड बंद करा आणि गेटाजवळ पिवळसर एलईडी बल्ब लावा, कॅमेऱ्यापासून लांब. पहिल्या पावसात वाळवीचे पंखवाले किडे घोंघावतात ते बल्बाकडे जातील, लेन्सकडे नाही. पांढऱ्या उजेडापेक्षा पिवळ्याला किडे कमी येतात हा माझा अनुभव आहे.

चुडतं कापून टाकणं सगळ्यात सोपं, नारळ पाडणाऱ्या पाडेकऱ्याला सांगा. नसेल जमत तर डिटेक्शन झोन, म्हणजे कॅमेऱ्याने फक्त जिथली हालचाल बघायची तो भाग आखा, पण अख्ख्या अंगणाचा नको, फक्त गेटापासून पायरीपर्यंतच्या वाटेचा. शेजाऱ्यांचं दार दिसत असेल तर तेवढा भाग प्रायव्हसी मास्कने झाकाच, ते आपल्याकडून व्हायलाच हवं.

आता पोदेर. सायकल, मागे भली मोठी टोपली, पावसात तिच्यावर निळं प्लास्टिक, अंगात रेनकोट. वरून बघितलं तर त्यात माणसाचा आकार राहतोच किती? कॅमेरा खूप वर असेल तर डोकं आणि खांदेच दिसतात. अडीच ते तीन मीटरवर ठेवा, तिरपा, म्हणजे येणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसेल. छत्रीचीही हीच अडचण, म्हणून आईला एकदा छत्री घेऊन आणि एकदा छत्रीशिवाय गेटापासून चालायला सांगा आणि अलर्ट कुठे येतो ते फोनवर बघा. एका रात्री एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला कळत नाही. सेन्सिटिव्हिटी सगळ्यात शेवटी, मधोमध ठेवून एकेक पायरी.

मागच्या दारी बॅटरीवाला कॅमेरा लावायचं म्हणताय तर एवढं लक्षात ठेवा, त्यातले बरेच माणसाच्या अंगाची उष्णता ओळखून चालू होतात. मे महिन्यात दुपारी हवाच अंगाएवढी तापलेली असते, मग त्यांना माणूस नीट कळत नाही. शिवाय सरळ समोरून येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं त्यांना लवकर कळतं, तेव्हा वाटेच्या बाजूला लावा. आणि एक क्लिप झाली की काही वेळ ते पुढची घेत नाहीत, म्हणजे केळीच्या पानाने एक क्लिप खाल्ली आणि मागोमाग माणूस आला तर तो गेलाच.

वेळ दुरुस्त केलीत की आईच्या फोनमध्ये त्या ॲपचं बॅटरी सेव्हर काढा आणि त्याला वेगळी रिंगटोन लावून द्या. मग रात्रीची एक क्लिप इथे टाका, खांबाकडची कड न कापता.